नानांनी टाकलेले सात नंबर

बायकोला माहीत नाही. दोन्ही मुलांना माहीत नाही. धुळ्यात रोज सकाळी ज्या मित्राबरोबर फिरायला जातो, त्याची समजूत अशी की माझं त्याच्यापासून काही लपलेलं नाही — त्यालाही माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही होत नाहीये. तासभर झाला, चौथा कागद घेतलाय.

आधी मी कोण ते सांगतो. म्हणजे उशीरच करतो आहे, कळतंय मला.

शिंदखेड्याकडच्या एका लहान गावातला मी. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. वडील सुतार. बी.एस्सी. झालो तेव्हा त्यांनी माझं सर्टिफिकेट स्वतः केलेल्या सागाच्या चौकटीत बसवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं. पुढे कॉम्प्युटरचा एक वर्षाचा कोर्स केला आणि नव्वदीच्या मध्यावर जळगावात नोकरी लागली — केळी उत्पादकांच्या एका संस्थेत. संस्थेने नवं युनिक्सचं मशीन घेतलं होतं, आणि ते चालवता येणारा माणूस सगळ्या इमारतीत मी एकटा. चेअरमन मला बी.एस्सी.साहेब म्हणायचे. त्यात थोडी थट्टा असायची, पण मला ती ऐकू यायची नाही. मला फक्त साहेब ऐकू यायचं.

संस्थेचं काम असं. चोपडा तालुक्यातल्या सभासदांच्या केळीच्या बागा तयार झाल्या की त्यांना कापणीचा नंबर द्यायचा. नंबर लागला की संस्थेची टोळी येणार, घड कापणार, ट्रक भरून माल उत्तरेला जाणार. नंबर लागला नाही तर शेतकऱ्याने कापायचं नाही. कापून ठेवणार कुठे? केळी थांबत नाही. आठवडा उशीर चालून जातो. मे महिन्यात पंधरा दिवस उशीर झाला की घड झाडावरच पिवळा पडतो, आणि मग तो दिल्लीला काय, चोपड्याच्या बाजारातही कुणी घेत नाही.

हे नंबर ठरवायचे सुकलाल नाना. संस्था जिथे सुरू झाली त्या गावच्या शाखेत ते कारकून होते, सातवी शिकलेले, साठीच्या अलीकडचे. सायकलवर बागेबागेत जायचे, केळं हातात घेऊन त्याच्या धारा, म्हणजे कडा, बघायचे. धारा बुजून केळं गोल झालं की माल तयार. तसं ते वहीत टिपायचे, आणि दर शनिवारी सकाळी शाखेच्या ओट्यावर बसून त्या आठवड्याची यादी मोठ्याने वाचायचे. शंभर माणसं जमायची. कुणाचं नाव आलं नाही तर तो तिथल्या तिथे म्हणायचा, "नाना, मन्हं राही गयं का?" आणि नाना वही उघडून बोट ठेवून दाखवायचे — तुझ्या बागेला अजून आठ दिवस. बस. सत्तावीस वर्षं असंच चाललं. यादीवरून भांडण झालं असं कुणाला आठवत नव्हतं.

ते वाचन मी बंद केलं.

म्हणजे, मी कोण बंद करणारा — पण मशीन आल्यावर चेअरमनना मीच म्हणालो, आता छापील यादी जाईल, ओरडून वाचायची काय गरज? त्यांना ते आधुनिक वाटलं. यादी इंग्रजी अक्षरांत छापली जायची, तेव्हा तेच शक्य होतं. शनिवारी सकाळी जीपने ती गावोगावच्या शाखेत जायची आणि भिंतीवर डकवली जायची. निम्म्या लोकांना ती वाचता यायची नाही. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं का? आलं होतं. मला वाटलं, शिकतील.

नाना मात्र शिकले. दर शुक्रवारी ते बसने जळगावला यायचे, वही उघडून माझ्याशेजारच्या टर्मिनलवर बसायचे आणि उजव्या हाताच्या एका बोटाने तयार बागांचे सभासद नंबर स्वतः टाकायचे. एक नंबर, एंटर. वहीत टिकमार्क. पुढचा नंबर, एंटर. मीच शिकवलं होतं त्यांना. पहिल्या दिवशी स्क्रीनवर आपण टाकलेला आकडा उमटलेला बघून ते म्हणाले, "साहेब, ही तर पाटीच शे, फक्त पुसाले फडकं लागत नाही." ऑफिसातले सगळे हसले. मीही. त्या माणसाला मी आवडत होतो. दर शुक्रवारी डब्यात माझ्यासाठी वेगळं भरीत आणायचे, तुम्ही खोलीवर एकटे राहता म्हणून.

आता मशीनमध्ये काय व्हायचं ते सांगावं लागेल. सोपं करून सांगतो.

नानांनी टाकलेले नंबर एका फाईलमध्ये जायचे. सगळ्या सभासदांची नावं डेटाबेसमध्ये होती. मी एक शेल स्क्रिप्ट लिहिली होती — म्हणजे मशीनला एकापाठोपाठ करायला सांगितलेल्या कामांची चिठ्ठी म्हणा. ती डेटाबेसला सभासदांचे नंबर आणि नावं विचारायची, एकेक नंबर नानांच्या फाईलमध्ये आहे का ते ताडून बघायची, सापडला तर नाव छापायची. सापडला नाही तर काही न बोलता पुढे जायची. काही न बोलता — हे मीच तसं लिहिलं होतं.

डेटाबेसची एक सवय असते. त्यात नंबरासाठी मी पाच अक्षरांची जागा ठेवली होती. नव्या सभासदांचे नंबर पाच आकडी, ते त्या जागेत गच्च बसायचे. पण नानांच्या गावात संस्थेचे पहिले सभासद होते, त्यांचे नंबर दोन आकडी, तीन आकडी. त्यांना त्याचा अभिमान होता. लग्नपत्रिकेत छापतील इतका. असा नंबर विचारला की डेटाबेस आकड्यामागे उरलेल्या जागा मोकळ्या अक्षरांनी भरून द्यायचा. तीन आकडे, दोन मोकळ्या जागा. डोळ्यांना दिसत नाहीत. मशीनला दिसतात. नानांनी टाकलेला नुसता ८४२ आणि डेटाबेसने दिलेला, मागे दोन मोकळ्या जागा असलेला ८४२, मशीनच्या लेखी दोन वेगळी माणसं.

मग सुरुवातीचे सहा महिने यादी बरोबर कशी आली? माझ्या हुशारीने नाही. शेलचीही, म्हणजे ती चिठ्ठी वाचून कामं करणाऱ्या प्रोग्रामचीही, एक सवय असते. मिळालेला मजकूर तुम्ही अवतरणचिन्हांत न घालता पुढे वापरलात तर ती कडेच्या मोकळ्या जागा गाळून टाकते. अवतरणचिन्हं घातलीत तर जसं आहे तसं ठेवते. मी घातली नव्हती. आळस म्हणून घातली नव्हती. माझ्या आळसाने त्या जुन्या सभासदांना सहा महिने सांभाळलं.

एप्रिलच्या अखेरीला चेअरमन यादी हातात घेऊन आले. म्हणाले, "बी.एस्सी.साहेब, नावं एकाखाली एक येत नाहीत हो. बाहेरचे पाहुणे येतात, भिंतीवर बरं दिसत नाही." मला ते लागलं. मोकळ्या जागा टिकल्या की रकाने सरळ येतात, म्हणून मी सबंध स्क्रिप्टमध्ये, जिथे हवी तिथे आणि जिथे नको तिथेही, एका झटक्यात अवतरणचिन्हं घालून टाकली. जुना एकही नंबर घेऊन तपासलं नाही. त्या शुक्रवारची यादी देखणी आली. रकाने सरळ, रूळ टाकल्यासारखे. मी ती दोन हातांत धरून चेअरमनच्या केबिनमध्ये घेऊन गेलो.

त्या यादीत सात माणसं नव्हती.

इथपर्यंतची चूक ही चूक आहे. अशी चूक या धंद्यात कुणाच्याही हातून होते, आणि केवळ तेवढ्यासाठी मी तीन कागद फाडले नसते.

नाना त्या शुक्रवारी नंबर टाकून तसेच साक्रीला गेले, पुतणीच्या लग्नाला. आठवडाभर गावात नव्हते. पुढच्या शुक्रवारी परस्पर जळगावला आले, अंगाला अजून हळदीचा वास, वहीत आधीच टिपलेल्या नव्या बागांचे आणि कापल्याची नोंद न आलेल्या जुन्यांचे नंबर टाकले आणि दुसऱ्या लग्नाला नंदुरबारकडे गेले. मधल्या आठवड्यात गावाहून दोन फोन आले — यादीत आमचं नाव दिसत नाही. फोन मीच घेतला. म्हणालो, "यादीत नसेल तर बाग तयार नाही अशी नोंद आहे. नाना आले की विचारा." मी फाईल बघितली नाही. बघायची गरज वाटली नाही.

दुसऱ्या यादीतही तेच सात नव्हते. त्या दिवसांत ऊन असं पडलं की जळगावच्या रस्त्यांवर डांबर चपलांना चिकटत होतं. सात बागा झाडावर पिकल्या.

त्या सातांत एक होते पुंडलिक आबा. दोन वर्षांपूर्वी आबांच्या मुलीचं नानांच्या धाकट्या मुलाशी जमत आलेलं लग्न मोडलं होतं. आबांनी मोडलं होतं, आणि चार माणसांत. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. गावाला आणखी काय लागतं? आबांचं नाव नानांनी मुद्दाम सोडलं, हे सोमवारी सकाळी गावाला कळलं. उरलेल्या सहांची कारणं दुपारपर्यंत सापडली. एकाने निवडणुकीत विरोध केला होता. एकाचा बांध नानांच्या भावाच्या बांधाला लागून होता. एकाचं कारण कुणाला सापडेना, तेव्हा लोक म्हणाले, संशय येऊ नये म्हणून त्याला घेतला असेल.

त्याच सोमवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, मी नानांची फाईल उघडली.

सातही नंबर होते. दोन्ही आठवड्यांच्या फाईलमध्ये. एकाखाली एक, बरोबर. मी पुन्हा एकदा मोजले. मग ओळीचा शेवट कुठे आहे ते दाखवणारी एक कमांड असते, ती डेटाबेसच्या बाजूने चालवली. आकडा, मग मोकळी जागा, मोकळी जागा, मग शेवटाची खूण. तीन मिनिटांत कळलं. मागच्या मोकळ्या जागा काढून टाकणारी एक ओळ लिहिली. यादी पुन्हा काढली. सात नावं आली, इतरांच्या रांगेत, सरळ.

माझ्या खुर्चीपासून चेअरमनच्या केबिनचं दार वीस पावलांवर होतं. मी उठलो. हे मी खरं सांगतो, उठलो होतो सांगायलाच. दारात पोचलो तर ते फोनवर होते, बहुतेक आबांशीच. फोन ठेवून माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं झालं मशीन आणलं. सत्तावीस वर्षं हा माणूस काय काय करत असेल, कुणाला कळलं असतं का? तुमच्यामुळे सापडला."

तुमच्यामुळे सापडला. मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळतंय. मलाही तेव्हा कळत होतं. मी म्हणालो, "यादी दुरुस्त करून आणतो." आणि परत फिरलो.

का? मी खूप वर्षं याचं उत्तर शोधत होतो, म्हणजे शोभेल असं उत्तर. नोकरी जाईल ही भीती? जाणार नव्हती, मशीन दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. मला भीती होती ती त्यांच्या तोंडावरचा भाव बदलेल याची. बी.एस्सी.साहेब या शब्दातली थट्टा मला एकदम ऐकू येऊ लागली असती. मी सातवी शिकलेल्या माणसापेक्षा बरोबर आहे, या एका गोष्टीवर माझं सगळं उभं होतं. एवढंच. याहून मोठं काही नव्हतं.

बुधवारी समिती बसणार होती. मंगळवारी एका संचालकांचा निरोप आला की मशीनमध्ये या दोन आठवड्यांचं जे काही असेल ते सगळं छापून आणा. ते वकील होते, कागद मागायची सवय.

आता आलं ते.

मी नानांच्या दोन्ही फाईल पुसल्या. एक कमांड, दोन नावं, एंटर. मशीनने विचारलंही नाही की खरंच पुसायचं का. युनिक्स विचारत नाही. खिडकीत कुलर चालू होता, शेजारच्या टेबलावर आमची टायपिस्ट चिवडा खात होती, मलाही विचारलं तिने. मी घेतला. तोवर सगळं अपघात होतं, आणि नंतर न बोलणं होतं. हे मी हाताने केलं. नाना निर्दोष आहेत याचा जगात एकच पुरावा होता आणि तो मी पुसला, आणि मूठभर चिवडा खाल्ला.

समितीपुढे नानांनी वही ठेवली. सातही नंबरांपुढे टिकमार्क होती. वकील संचालक म्हणाले, टिकमार्क काय, बसमध्येही करता येते. मग माझ्याकडे वळले. मशीनमध्ये काही मिळालं? मी म्हणालो, फाईल दर आठवड्याला नव्या होतात, जुन्या राहत नाहीत. मग विचारलं, मशीनची चूक असू शकते का?

मी म्हणालो, "मशीनला जे दिलं तेच ते छापतं."

वाक्य खोटं नव्हतं. ते मी आदल्या दिवशी तयार केलं होतं, खोटं ठरणार नाही असं. नानांनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ते गोंधळून बघत होते, उत्तर चुकलेल्या मुलासारखे — आपलं कुठे चुकलं ते मास्तर सांगतील म्हणून.

आणि मी सांगितलं. हेही सांगायला हवं. समितीतून बाहेर आल्यावर व्हरांड्यात त्यांनी विचारलं, "साहेब, मी तर टाकले होते ना? एकदा नाही, दोनदा." मी म्हणालो, "नाना, नंबर टाकल्यावर कधीकधी एंटर दाबायचं राहून जातं. तुमच्या डोक्यात लग्नाची घाई होती." ते थांबले. आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. मग म्हणाले, "असं व्हयनं व्हई. दोन्ही टाइमले लगीनच डोक्यात होतं."

तेव्हा मी स्वतःला सांगितलं की मी त्यांना वाचवलं. बदमाश ठरण्यापेक्षा विसराळू ठरलेलं बरं, नाही का? ते परत आत गेले आणि समितीला तसं म्हणालेही, की माझ्या हातून एंटर राहिलं. समितीने ऐकून घेतलं. दोन्ही वेळा तेच सात? कुणी मानलं नाही. पण तेवढ्यावरून कबुली मिळाली असं मात्र लिहिलं गेलं. नानांना घरी बसायला सांगितलं. बदमाशही ठरले आणि विसराळूही. दोन्ही माझ्यामुळे.

आठवड्याने ते माझ्याकडे आले. मला वाटलं, कळलं यांना. तर म्हणाले, सातही घरी जाऊन माफी मागायची आहे, सहा झाली, आबांकडे एकट्याने जायचं धाडस होत नाही. तुम्ही याल का? शिकलेला माणूस बरोबर असला की आबा आवाज चढवणार नाहीत.

गेलो मी. नाही म्हणायला काय कारण सांगणार होतो?

आबांच्या ओसरीत बसलो. पलीकडे बाग दिसत होती, घड पिवळे, काही फुटलेले, चिलटं. आबा उंच, पांढऱ्या मिशांचे. ते नानांकडे बघत नव्हते, बागेकडे बघत होते. नाना म्हणाले, "आबा, मन्हा हातथीन राही गयं. मुद्दाम नही. पोरीना लगीनवरथीन मी काही मनमा धरेल नव्हतं." आबांनी मिशीवरचं चिलट झटकलं. मग म्हणाले, "बठ्ठी बाग झाडवर पिकी गई, नाना. आते काय बोलानं." थोड्या वेळाने माझ्याकडे वळून विचारलं, "हाऊ कोण?"

नाना म्हणाले, "मशीनवाले साहेब शेतस. चांगला माणूस शे. माले यास्नीच शिकाडं."

आबांनी आत हाक मारून चहा सांगितला. तो फक्त माझ्यासाठी आला. एकच कप. नानांना आबांनी चहा दिला नाही, आणि नानांनी ते वावगं मानलं नाही. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला चहा न देणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. मी तो चहा प्यालो. पूर्ण प्यालो. दोघं म्हातारे माझा कप रिकामा होण्याची वाट बघत बसले होते.

त्यानंतर मी त्या संस्थेत सहा वर्षं होतो. स्क्रिप्ट पुन्हा चुकली नाही. डेटाबेसकडून येणारी प्रत्येक ओळ मी आधी दोन्ही कडांनी साफ करायचो, मग पुढे द्यायचो. जे सापडणार नाही त्याची वेगळी यादी छापून यावी असंही करून ठेवलं — कुणी गळलं तर कळावं म्हणून. लोक म्हणायचे, या माणसाचं काम चोख. नंतर धुळ्याला एका कॉलेजात लागलो. मुलांना शिकवताना हाच धडा मी फार जीव ओतून शिकवायचो: दिसत नाही ते आहे असं धरून चाला. मुलं वहीत लिहून घ्यायची. उदाहरण म्हणून मी कधी हे गाव सांगितलं नाही.

नाना एकदा धुळ्याला माझ्या घरी आले. नवं शतक लागून तीन-चार वर्षं झाली होती. फाटकाशी उभे होते, सदरा धुतलेला, अंग उतरलेलं. पत्ता दोघातिघांना विचारत आले होते. त्यांचा मुलगा घेऊन आला नव्हता. मुलाला हा विषय नको होता. घरच्या लग्नांच्या वाटाघाटीत अजून कुणी ना कुणी ते प्रकरण काढायचं, हे त्यांनी असंच, सहज सांगितलं. बायको पोहे करू लागली. ते नको म्हणाले, बस आहे.

मग म्हणाले, "एक विचारायचं होतं, साहेब. रागावू नका. आता मशीनं फार पुढे गेली असं ऐकतो. मागचं काढून दाखवतात म्हणे. त्या दोन शुक्रवारी मी एंटर दाबलं होतं की नव्हतं — हे बघता येईल का? कुणाला दाखवायचं नाही मला. पेपरात द्यायचं नाही. मलाच पाहिजे. मी आठवायला बसतो तर कधी दाबल्यासारखं वाटतं, कधी नाही वाटत. बोट दिसतं मला. पुढचं दिसत नाही."

बायको आत होती. खोलीत आम्ही दोघंच. नोकरी दुसरी होती, संस्था सुटली होती, चेअरमन वारले होते. मला कुणाचीही, कसलीही भीती नव्हती. एवढं सोपं पुन्हा कधी होणार नव्हतं, आणि ते मला त्या क्षणी कळत होतं.

मी म्हणालो, "नाना, जुनं काही राहत नाही त्यात."

"नाही ना," ते म्हणाले. "मला वाटलंच. तरी विचारून घेतलं."

पाणी प्याले, भांडं हाताने विसळून ठेवलं, आणि बससाठी निघाले. मी फाटकापर्यंतही गेलो नाही.

पुढच्या वर्षी ते गेले, असं कुणाकडून तरी कळलं.

त्यांनी एंटर दाबलं होतं. दोन्ही शुक्रवारी, सातही नंबरांना. मी ते पाहिलं होतं.